फुप्फुसातील रक्तवाहिन्या आणि चुंबकीय अनुस्पंदन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बराकपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. शेवटी प्रश्नोत्तरांतील दोन प्रश्न जोडले आहेत.)



पन्नास वर्षे टिकलेल्या संस्थेपुढे बोलताना वक्त्याने प्रथम संस्थेचा गौरव करावा, असा संकेत आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी तो माझ्यापेक्षा पुष्कळ चांगल्या रीतीने पाळला असल्यामुळे मी सरळ विषयाकडे वळतो. कार्यवाहांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'फुप्फुसाच्या रोगातील रक्तवाहिन्यांचे चुंबकीय अनुस्पंदनाने परीक्षण' असे लांबलचक नाव सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, थोडे सोपे करून सांगा, मागच्या रांगेत आजी मंडळी असतात." खरे सांगायचे तर हे व्याख्यान त्या मागच्या रांगेसाठीच आहे.

आपल्यापैकी कोणी छावणीतल्या नोकरीच्या निमित्ताने येथे आले, कोणी हवाई दलाच्या तळावर, कोणी इच्छापूरच्या रायफल कारखान्यात, कोणी तागाच्या संशोधन संस्थेत. हुगळीच्या काठी बिऱ्हाडे थाटली, मुले शिकली, आणि पाहता पाहता आपण स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबू लागलो. थांबतो आणि शेजारच्याला सांगतो, "काही नाही हो, वय झाले." बंगाली शेजारी त्याला 'हांपानी' म्हणतात, आपण 'दमा' म्हणतो, दोन्ही शब्दांत धाप लागण्याचेच चित्र आहे. पण दोन्ही शब्द आपल्याला एकाच दिशेने पाहायला लावतात: श्वासनलिकेकडे, कफाकडे, हवेच्या वाटेकडे. फुप्फुसात हवेच्या वाटेइतकीच रक्ताचीही वाट असते, हे आपण विसरतो. डॉक्टरही विसरतात. मी विसरलो होतो, आणि ती गोष्ट मी आज आपल्याला सांगणार आहे. मात्र त्याआधी थोडी पूर्वपीठिका हवी.

शरीरातील प्रत्येक अवयवाला हृदयाकडून येणाऱ्या रक्ताचा काही वाटा मिळतो. फुप्फुस हा एकच अवयव असा, की ज्यातून सगळेच्या सगळे रक्त जाते. विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुस रोहिणीत शिरते, कोट्यवधी वायुकोशांभोवती विणलेल्या केशवाहिन्यांच्या जाळ्यात पसरते आणि प्राणवायू घेऊन डाव्या बाजूस परतते. एवढा प्रवाह असूनही दाब अगदी सौम्य असतो. दंडाला पट्टा बांधून आपण जो रक्तदाब मोजतो, त्याची सरासरी पाऱ्याच्या ९० ते १०० मिलिमीटरच्या आसपास असते; फुप्फुस रोहिणीतील सरासरी दाब १४-१५ मिलिमीटरच. तो २० च्या वर गेला, की आजचे वैद्यक त्यास विकृती मानते. उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते, कारण निसर्गाने तिला हलक्या कामासाठीच घडविले आहे. तिच्यावर पहाड चढविला, की ती आधी जाड होते, मग फुगते आणि शेवटी थकते. पाय सुजतात, पोट फुगते, चार पावलांत धाप लागते.

हा दाब का वाढतो? त्याला कारणे अनेक आहेत. स्टॉकहोममध्ये फॉन ऑइलर आणि लिल्येस्ट्रांड या दोघांनी १९४६ साली मांजरांवर प्रयोग करून दाखविले, की श्वासाच्या हवेत प्राणवायू कमी झाला की फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. शरीराच्या इतर भागांत याच्या नेमके उलट घडते. ही योजना मुळात शहाणपणाची आहे: जेथे हवा पोचत नाही तेथे रक्त पाठवून उपयोग काय? परंतु रोग सगळ्या फुप्फुसभर पसरला, की सगळ्याच वाहिन्या आकसतात आणि शहाणपणाचाच फास होतो. येथे बसलेल्या लष्करी कुटुंबांना याचे दुसरे रूप ऐकून ठाऊक असेल. १९६२ च्या युद्धानंतर सैनिक हिमालयातील मोठ्या उंचीवर झपाट्याने नेले जाऊ लागले, तेव्हा तरणीबांड पोरे एका रात्रीत फुप्फुसात पाणी साठून गुदमरू लागली. भारतीय सैन्यातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली या विकाराविषयी जे लिहिले, ते आजही जगभर वाचले जाते. न्यूमोनिया म्हणून ज्याकडे बोट दाखविले जात होते, त्याचे मूळ रक्तवाहिन्यांतील वाढलेल्या दाबात होते.

दुसरे कारण धूर. आपल्या आजीने गावाकडे फुंकणीने चूल पेटविली, आईने येथे येऊन कोळशाच्या उनुनावर स्वयंपाक केला. थंडीच्या संध्याकाळी गल्लीगल्लीतून वर चढणारा तो निळसर धूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना निराळे सांगावयास नको. पुण्याजवळच्या खेड्यांतून झालेल्या पाहणीत आयुष्यात कधी विडीला हात न लावलेल्या माणसांनाही श्वासनलिकांचा दीर्घकालीन रोग आढळला आहे. हा रोग हवेच्या नळ्यांचा, अशीच आमची समजूत होती. परंतु अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासातून २०१५ साली असे प्रसिद्ध झाले, की रोग अगदी सौम्य असतानाच फुप्फुसातील सूक्ष्म वाहिन्यांतला रक्तप्रवाह घटलेला असतो. आणि तो केवळ नासलेल्या भागात नव्हे, तर चित्रात निरोगी दिसणाऱ्या भागातही. हे ज्या साधनाने मोजले, तेच आजच्या विषयाचे साधन: चुंबकीय अनुस्पंदन, ज्याला आपण सर्वजण 'एमआरआय' म्हणून ओळखतो.

तिसरे कारण रक्ताच्या गुठळ्या. ते मी त्या गोष्टीसाठी राखून ठेवतो.

आता हे यंत्र काय करते? पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजन आहे आणि हायड्रोजनचे अणुकेंद्र हे एक इवलेसे चुंबक आहे. माणसाला प्रबळ चुंबकाच्या पोकळीत निजविले, की या इवल्या चुंबकांपैकी किंचित अधिक संख्या त्या क्षेत्राच्या दिशेने वळते. रुग्णालयांतील नेहमीच्या यंत्राचे क्षेत्र १.५ टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट. मग ठराविक कंपनसंख्येच्या रेडिओ लहरी सोडल्या, की ही अणुकेंद्रे त्या लहरींना साद देतात, आणि ती साद टिपून संगणक चित्र उभे करतो. क्ष-किरणांचा यात संबंध नाही. १९४६ साली ब्लॉख आणि पर्सेल यांनी ही साद प्रथम स्वतंत्रपणे ऐकली. १९७३ साली लॉटरबर यांनी तिच्यापासून पाण्याच्या दोन नळ्यांचे चित्र बनविले. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना त्यासाठी २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा इतिहास परकीयांचाच आहे, असे वाटण्याची आपल्याला सवय झाली आहे. म्हणून थोडे विषयांतर करतो. १९५१ साली मद्यार्काच्या एकाच रेणूतील हायड्रोजनच्या तीन निरनिराळ्या सादा वेगळ्या करून दाखविणाऱ्या तिघांत एक धर्मट्टी होते. त्यांनीच पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या शास्त्राचा पाया घातला. आपल्या शेजारच्या कोलकात्यात साहा संस्थेतील ए. के. साहा आणि टी. पी. दास यांनी १९५७ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. आणि ज्यांचे नाव मला आज मुद्दाम घ्यावयाचे आहे, ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. सूर्यन. १९५१ साली, म्हणजे लॉटरबर यांच्या चित्राच्या बावीस वर्षे आधी, त्यांनी नळीतून वाहणाऱ्या द्रवाची साद घेतली. स्थिर द्रवापेक्षा वाहत्या द्रवाची साद बदलते, जोरदार होते, असे त्यांना दिसले आणि तो लेख त्यांनी भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापला. १९५९ साली अमेरिकेत सिंगर यांनी हेच तत्त्व उंदराच्या शेपटीतील रक्तप्रवाहाला लावले.

साद जोरदार का होते, हे आपल्याच स्टेशनवरच्या उदाहरणाने सांगतो. फलाटावर दिवसभर ओरडणाऱ्या फेरीवाल्यांचा घसा संध्याकाळपर्यंत बसलेला असतो. इतक्यात शियालदहून लोकल येते आणि तिच्यातून ताज्या दमाचे दहा फेरीवाले उतरतात. साहजिकच त्यांचाच आवाज वर चढतो. चित्राच्या पट्ट्यातील स्थिर अणुकेंद्रे रेडिओ लहरींचा वारंवार मारा सोसून अशीच थकतात. बाहेरून नव्याने आलेले रक्त थकलेले नसते, म्हणून ते उजळ दिसते. पुढे आणखी युक्त्या निघाल्या. आज फुप्फुस रोहिणीतून दर ठोक्याला किती रक्त गेले, त्यातले उजव्या फुप्फुसाकडे किती आणि डाव्याकडे किती, हे सुई न टोचताही मोजता येते.

एवढे सगळे असूनही फुप्फुस हा या यंत्राचा सर्वांत अवघड विद्यार्थी ठरला. मेंदू, मणका, गुडघा यांची चित्रे सुरेख येतात; फुप्फुसाच्या जागी मात्र बरीच वर्षे नुसता काळोख दिसे. कारण उघड आहे. फुप्फुस म्हणजे मुख्यत्वे हवा. पाणी थोडे, म्हणून साद देणारे थोडे. शिवाय हवा आणि ऊती यांच्या लक्षावधी सीमारेषांवर चुंबकक्षेत्र डळमळते आणि जी काही साद उठते ती सेकंदाच्या हजाराव्या-दोन हजाराव्या भागात विरून जाते. त्यात भर म्हणून छाती हलते आणि हृदय उड्या मारते. यावर उपाय निघाले ते जलद चित्रणाचे, रुग्णाने पंधरा-वीस सेकंद श्वास रोखून धरण्याचे, आणि गॅडोलिनियम या धातूचे संयुग शिरेत टोचण्याचे. ते टोचल्यावर जवळजवळ दर सेकंदाला एक चित्र घेत गेले, तर रक्त फुप्फुसात पसरताना प्रत्यक्ष दिसते: आधी मोठ्या रोहिण्या उजळतात, मग सारे फुप्फुस पहाटेसारखे उजळत जाते. जेथे रक्त पोचत नाही तो भाग काळा राहतो. गुठळी असली तर तो काळा भाग बहुधा पाचरीच्या आकाराचा आणि सीमा स्पष्ट असलेला. धुराने झिजलेल्या फुप्फुसात तो विखुरलेला, ठिगळाठिगळांचा.

आता ती गोष्ट. घरच्यांच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. आपल्यातल्याच एक वहिनी. त्या आज सभागृहात आहेत की नाहीत, हे विचारू नये. सहा-सात वर्षांपूर्वी त्या माझ्याकडे धाप लागते म्हणून आल्या. वय पन्नाशीचे. लहानपणी चुलीचा धूर, येथे उनुनाचा धूर, हिवाळ्यात खोकला. मी छातीला नळी लावली, क्ष-किरण चित्र पाहिले, ते स्वच्छ होते. फुंकून पाहायची श्वासचाचणीही जवळजवळ ठीक होती. ती ठीक आहे, यानेच मला थांबवायला हवे होते. मी थांबलो नाही. 'सौम्य दमा' असे लिहून पंप दिला. पंपाने थोडे बरे वाटते असे त्या म्हणाल्या. रुग्ण डॉक्टरांचे मन राखण्यासाठी पुष्कळदा तसे म्हणतात. अशी चार वर्षे गेली. दरवर्षी गणेशोत्सवात त्या मोदकांचे ताट घेऊन जिना चढायच्या. एका वर्षी ताट मुलीच्या हाती आले आणि वहिनी खालीच खुर्चीवर बसल्या. मी वर बसून मोदक खाल्ले.

त्यानंतर महिनाभराने त्यांचे यजमान माझ्याकडे स्वतःच्या मधुमेहासाठी आले असता उठता उठता म्हणाले, "डॉक्टर, हिचा उजवा पाय सुजतोच आहे हो, तो मोडला होता ना, तेव्हापासून." मला पाय मोडल्याचे ठाऊकच नव्हते. घाटाच्या पायरीवरून घसरून पडल्या होत्या, सहा आठवडे प्लास्टर होते, त्याच सुमारास पोटरी दुखली होती आणि दोन-चार दिवस बरगडीत कळ येऊन धाप लागली होती. गावाहून आलेल्या कुणी गरम शेक दिला आणि ती कळ थांबली. हे सारे माझ्याकडे प्रथम येण्याच्या आदल्या वर्षीचे. मी विचारले नव्हते, म्हणून त्यांनी सांगितले नव्हते.

पायाच्या शिरेत धरलेली गुठळी सुटून फुप्फुसात जाते, हे वैद्यकाच्या पहिल्या इयत्तेतले ज्ञान. बहुतेकांत ती विरघळते. काही थोड्यांत विरघळत नाही. ती रोहिणीच्या आतल्या भिंतीला धरून राहते, तिचा चिवट तंतुमय पापुद्रा बनतो, वाट अरुंद होते आणि दाब वर्षानुवर्षे चढत जातो. वहिनींच्या हृदयाच्या ध्वनिचित्रात उजवा कप्पा फुगलेला दिसला. किरणोत्सारी द्रव्य वापरून हवा आणि रक्त यांच्या वाटण्या दाखविणारी तपासणी केली: हवा सगळीकडे पोचत होती, रक्त पोचत नव्हते. पुढे कोलकात्यातील एका रुग्णालयात सीटी आणि एमआरआय झाले. त्या एमआरआयची चित्रे मी पडद्यावर पाहिली. डावे फुप्फुस उजळत गेले आणि उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात दोन पाचरी शेवटपर्यंत काळ्याच राहिल्या. चार वर्षे मी ज्या छातीला नळी लावून ऐकत होतो, तिच्यात रक्ताचा पत्ताच नसलेले दोन कोपरे होते आणि तेथे हवा मात्र व्यवस्थित आत-बाहेर होत होती. नळीला ऐकू येणार तरी काय?

त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. शरीर थंड करून, काही वेळ रक्ताभिसरण पूर्ण थांबवून, रोहिणीच्या आतला तो पापुद्रा सोलून काढतात; आपल्या देशातही मोजक्या केंद्रांत ती होते. वहिनी वाचल्या, आता चालतात-फिरतात. पण सारे पूर्वपदावर आले असे म्हणणे खोटे होईल. ज्या वाहिन्या उघड्या होत्या, त्यांतील बारीक वाहिन्या एवढी वर्षे सगळा भार सोसून जाड झाल्या होत्या. त्या सोलता येत नाहीत. औषधे जन्मभर आहेत. त्या चार वर्षांपैकी तीन वाचली असती, तर किती फरक पडला असता, याचा हिशेब मी मनाशी अनेकदा मांडला आहे. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, ही गोष्ट मला अधिक जड जाते.

यावरून कोणी उद्या सकाळी एमआरआयच्या रांगेत उभे राहू नये. या यंत्राच्या मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. एकाएकी छातीत कळ आली, धाप लागली, तर ताज्या गुठळीच्या शोधासाठी सीटीच अधिक भरवशाचे व जलद. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अमेरिकी अभ्यासात एमआरआयने गुठळी शोधण्याचा प्रयत्न झाला. तेथे सुमारे २५ टक्के रुग्णांची चित्रे निदान करण्याजोगी आलीच नाहीत. दाब किती, हे एमआरआय थेट सांगत नाही. त्यासाठी अजूनही शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूस न्यावी लागते. १९२९ साली फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने ती प्रथम स्वतःच्याच दंडातून घालून घेतली होती. एमआरआयचे खरे सामर्थ्य दुसरीकडे आहे. उजव्या कप्प्याचे आकारमान आणि ताकद त्याच्याइतकी अचूक कोणी मोजत नाही. आणि क्ष-किरण नसल्यामुळे तेच चित्र सहा महिन्यांनी, वर्षाने, पुन्हा पुन्हा काढून औषध लागू पडते की नाही, हे ताडता येते. ज्यांचा रोग वर्षानुवर्षे चालणार, त्यांना याचे मोल विशेष.

पुढचे पाऊल पडत आहे. जर्मनीतील संशोधकांनी २००९ साली दाखविले, की काहीही न टोचता, रुग्णाला नेहमीप्रमाणे श्वास घेऊ देऊन, जलद घेतलेल्या चित्रांतून श्वासाची लय आणि हृदयाची लय गणिताने वेगळी काढता येते. एकीतून हवेचा नकाशा मिळतो, दुसरीतून रक्ताचा. ज्यांना श्वास रोखवत नाही अशा म्हाताऱ्यांना आणि मुलांना हा मोठाच दिलासा. दुसरी वाट झेनॉन वायूची. खास प्रकारे चुंबकित केलेला हा वायू हुंगविला, की तो हवेच्या पोकळीत, पडद्यात आणि रक्तपेशींत निरनिराळी साद देतो. त्याच्या चित्रणाला अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये हवेच्या वाटपाच्या तपासणीपुरती परवानगी मिळाली. रक्तात शिरणाऱ्या भागाचा अभ्यास संशोधनशाळांत चालू आहे.

आपल्याला आज करावयाचे ते याहून पुष्कळ साधे आणि स्वस्त आहे. धाप लागते असे सांगताना पायाची सूज, मोडलेले हाड, लांबलेले अंथरूण, बाळंतपणानंतरची दुखलेली पोटरी, घेरी येऊन पडणे, हे सारे डॉक्टरांना न विचारता सांगावे. छातीचे चित्र स्वच्छ आणि श्वासचाचणी ठीक, तरीही धाप वाढतच असेल, तर "रक्तवाहिन्यांकडे पाहिले का?" असा प्रश्न निःसंकोच विचारावा. त्याची सुरुवात हृदयाच्या ध्वनिचित्राने होते आणि ते येथे बराकपुरातच होऊ शकते. डॉक्टर रागावले, तर माझे नाव सांगावे.

व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून:

प्रश्न : माझ्या गुडघ्यात धातूचा सांधा आहे आणि मोठ्या भावाच्या छातीत पेसमेकर. आम्हाला हे यंत्र चालेल का?

उत्तर : आजकालचे बहुतेक कृत्रिम सांधे चालतात; तरी तंत्रज्ञाला आधी सांगावे. पेसमेकरचे तसे नाही. काही नवे पेसमेकर ठराविक अटींवर चालतात, जुने पुष्कळसे चालत नाहीत. त्याबरोबर मिळालेले कार्ड भावाने जपून ठेवले असेल तर ते दाखवावे. हरवले असेल तर जेथे बसविला तेथून नोंद मागवावी, आणि तोवर त्या खोलीच्या दारातही जाऊ नये.

प्रश्न : सासूबाईंची मूत्रपिंडे कमजोर आहेत. ते टोचण्याचे औषध त्यांना द्यावे का?

उत्तर : मूत्रपिंडे फार कमजोर असतील, तर गॅडोलिनियमच्या काही संयुगांनी कातडी व सांधे ताठरण्याचा गंभीर विकार होतो, हे २००६ च्या सुमारास ध्यानात आले. नवी संयुगे पुष्कळ सुरक्षित आहेत. तरीही रक्तातील क्रिएटिनिनचा ताजा अहवाल बरोबर न्यावा आणि तो सुई टोचण्यापूर्वी दाखवावा. आपण उद्या सायंकाळी सासूबाईंना घेऊन माझ्याकडे या. जुनी कागदपत्रे सगळी आणा, त्यांच्या पायाच्या दुखण्याचीसुद्धा.